थेंबेसाहेबांच्या ग्लासाची परीक्षा

"एक थेंब जरी सांडला ना, तर माझ्या नावाचं कुत्रं पाळ," असं म्हणून त्याने काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास मोटारहोमच्या, म्हणजे राहायच्या गाडीच्या, घडीच्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात असे वर केले की जणू पोलिसांनी धरलंय.

समोरच्या बाकावर बायको दोराच्या गाठी सोडवत बसली होती. तिने ग्लासाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा गाठीत डोकं घातलं. ग्लास खरोखर हलला नाही. पाणी काठाच्या किंचित वर फुगून उभं होतं, पण उभं होतं. त्याची छाती फुगली. तेवढ्यात बाहेर गाडीचे टायर तपासायला गेलेले सासरे परत आले आणि त्यांनी दाराच्या पायरीवर पाय ठेवला. सासऱ्यांचं वजन चौऱ्याऐंशी किलो. गाडी त्या अंगाला कलली, टेबल कललं, आणि अख्खा ग्लास त्याच्या मांडीत रिकामा झाला.

"कुठल्या रंगाचं हवंय?" बायकोने विचारलं. "कुत्रं."

एरवी त्याने हे हसण्यावारी नेलं असतं. पण अर्ध्या तासापूर्वीच ऑफिसातून मेल आला होता.

त्याची नोकरीच तशी होती. कंपनीतले चारशे लोक घरून काम करायचे आणि त्यांची घरं कामाला लायक आहेत की नाहीत हे कॅमेऱ्यातून तपासणं हे त्याचं काम. टेबल हलतं का, उजेड पुरेसा आहे का, खुर्चीला पाठ आहे का. टेबल डगमगलं की मनगट दुखतं, मनगट दुखलं की माणूस कंपनीवर दावा ठोकतो, असा सगळा हिशोब. तीन वर्षांपूर्वी त्यानेच एक परीक्षा शोधून काढली होती. पाण्याचा ग्लास काठोकाठ भरून टेबलावर ठेवायचा आणि पाच मिनिटं टाइप करायचं. एक थेंब सांडला की नापास, आणि नापास झाला की सोमवारपासून ऑफिसात हजर. सदतीस लोकांना त्याने असं घरातून उचलून ऑफिसात नेऊन बसवलं होतं. एकाच्या पायात ऐन वेळी मांजर आलं होतं. एका बाईच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन सुरू झालं होतं. नियम म्हणजे नियम. ऑफिसात त्याच्या पाठीमागे सगळे त्याला थेंबेसाहेब म्हणायचे. आपणही तेच म्हणू, सवयीने कानाला बरं वाटतं.

आता मेल असा होता की खात्याच्या नव्या मॅडम रुजू झाल्या आहेत, आणि त्यांच्या लक्षात आलंय की तपासणाऱ्याला आजवर कोणी तपासलेलंच नाही. तर गुरुवारी सकाळी अकरा वाजता त्या स्वतः थेंबेसाहेबांचं घर कॅमेऱ्यातून बघतील.

यात अडचण एकच होती. घर म्हणून कंपनीच्या दप्तरात जो फ्लॅट लिहिला होता तो त्याने पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भाड्याने दिला होता, आणि गेले तीन महिने तो बायको आणि सासऱ्यांसकट या सोळा फूट लांब गाडीत राहून गावोगाव फिरत होता. सकाळी काम, दुपारी डोंगर, असं त्याचं बायकोला वचन होतं. बायको हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. बारा वर्षं दुसऱ्यांची हाडं बघून झाल्यावर तिला स्वतःची वापरून बघायची होती, म्हणून तिने वर्षभराची बिनपगारी रजा काढली होती. सासरे चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले होते, आणि एवढी मोठी गाडी रिव्हर्स घेणं मुलीला जमत नाही, जावयाला तर पुढेही घेता येत नाही, हे कळल्यावर आपण होऊन आले होते.

कॅमेऱ्यासाठी थेंबेने खास सोय केली होती. खुर्चीच्या मागे प्लायवूडची एक फळी उभी केली होती, तिला फ्लॅटच्या भिंतीचाच फिकट पिवळा रंग दिला होता आणि वर एक घड्याळ स्क्रूने घट्ट बसवलं होतं. संगणकाने तयार केलेली खोटी पार्श्वभूमी चालणार नाही, असा नियम त्यानेच केला होता. पण प्लायवूड संगणकाने कुठे केलं होतं, ते सुताराने केलं होतं.

गुरुवारी नापास झाला तर सोमवारी ऑफिस. ऑफिस तीन दिवसांच्या वाटेवर. आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता बायकोची नदी होती.

नदीचं असं की साठ किलोमीटरवर एक नदी होती, आणि तिथे एक वाटाड्या वर्षातून मोजक्या वेळा सहा जणांना कयाक नावाच्या अरुंद होडीत बसवून तीन दिवस खाली न्यायचा. बायको आठ महिने त्याच्या यादीत होती. सातनंतर आलेल्यासाठी तो थांबत नसे. नापास झाल्यावर सोमवारी ऑफिसात पोचायचं म्हणजे शुक्रवारीच गाडी उलटी वळवायला लागणार. बायकोने हे एकदाच बोलून दाखवलं होतं, तेही आवाज न चढवता, आणि थेंबेला तो न चढलेला आवाजच जास्त लागला होता.

म्हणून सोमवारपासून जागेचा शोध सुरू झाला. सपाट जमीन हवी आणि रेंज हवी. आता निसर्गाचं काय आहे, तो या दोन गोष्टी एका ठिकाणी ठेवत नाही. तळ्याकाठी जमीन अशी सपाट की गोट्या ठेवाव्यात, पण फोनवर एक काडी दिसेल तर शपथ. टेकडीच्या माथ्यावर रेंज भरभरून, पण वारा असा की गाडी उभ्या उभ्या झोके घ्यायची आणि ग्लास पाच मिनिटं सोडाच, पाच सेकंदं टिकायचा नाही. हमरस्त्याच्या कडेला दोन्ही होतं, पण ट्रक गेला की पाण्यावर वर्तुळं उठायची. तो ग्लास भरायचा, घड्याळ लावायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा. एका दुपारी ग्लास सलग चार मिनिटं टिकला आणि पाचव्याला सांडला, तेव्हा शोध घेतल्यावर कळलं की मागे सासऱ्यांनी घोरायला सुरुवात केली होती. सासरे रोज दोन ते चार झोपायचे. बसची शिफ्ट तशी असायची, आणि शिफ्ट संपून नऊ वर्षं झाली तरी शरीराला ते कोणी कळवलं नव्हतं.

मंगळवारी तर कहर झाला. त्या दिवशी थेंबेला स्वतःला एका कारकुनाची परीक्षा घ्यायची होती, गाडी तळ्याकाठी होती, आणि रेंज फक्त तळ्याच्या मधोमध येत होती. बायकोने गाडीच्या टपावरची कयाक पाण्यात लोटली, त्याला पुढे बसवलं, मांडीवर लॅपटॉप दिला आणि वल्ही मारत मधोमध नेऊन उभं केलं. कॅमेरा बिघडलाय, तुम्हीच मला दिसाल, असं त्याने कारकुनाला सांगितलं. बिचाऱ्याने घाबरत घाबरत ग्लास भरला. पाचव्या मिनिटाला छतावरच्या पंख्याने टेबल किंचित थरथरलं आणि एक थेंब काठावरून उतरला.

"साहेब, एकच आहे," कारकून म्हणाला. "घरी आई आजारी असते. यापुढे मी पंखा बंद ठेवून काम करीन."

थेंबेच्या बुडाखाली दोन इंच पाणी साचलं होतं. एक पाणकोंबडी लॅपटॉपकडे बघत बाजूने गेली. नियम म्हणजे नियम असं तो म्हणाला, आणि बायकोने मागे बसल्या बसल्या होडी काठाकडे वळवली. काठावर उतरल्यावर एवढंच म्हणाली, "अडतीस झाले."

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. डोळे मिटले की सगळे अडतीस जण एका रांगेत बसून आपापला ग्लास हातात धरून त्याच्याकडे बघताना दिसायचे.

बुधवारी दुपारपर्यंत जागा मिळाली नव्हती. थेंबेने नखं खाऊन संपवली होती आणि आता तो पेनाच्या टोपणावर आला होता. सासरे मात्र निवांत गाडी हाकत होते. वळणावर एक दगडखाण लागली. फाटक सताड उघडं, आत चिटपाखरू नाही, मागे उंच कापलेला कडा, एका बाजूला छोटी बंद केबिन, आणि केबिनसमोर, डोळ्यांवर विश्वास बसू नये अशी, काँक्रीट आणि लोखंडाची लांबलचक पट्टी. जमिनीच्या बरोबरीने, आरशासारखी सपाट, दोन्ही बाजूंना पिवळ्या रेघा मारलेली.

थेंबे खाली उतरला. त्याने पट्टीवर पाण्याचा बुडबुडा असलेली फूटपट्टी ठेवली. बुडबुडा मधोमध जाऊन बसला आणि हललाच नाही. त्याने फोन काढला. चार काड्या. त्याचे डोळे भरून आले.

"बाबा, इथेच," तो म्हणाला. "घ्या वर."

"जावईबापू, हे कशाला बांधलं असेल?" सासऱ्यांनी विचारलं.

बायको म्हणाली, खाणीची यंत्रं ठेवायचा चौथरा असेल. थेंबे म्हणाला, कशालाही असेना, बंद पडलेली खाण आहे, कडेला गवत उगवलंय. सासऱ्यांनी मान डोलावली. चौतीस वर्षांत त्यांनी बसमध्ये नाही नाही ते चढवलं होतं, पण बसला कधी वजन करायला कुठे जावं लागत नाही. त्यामुळे आपण दगडाचे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर बरोबर मधोमध गाडी लावतोय हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. त्या रात्री थेंबेने सहा वेळा परीक्षा घेतली. सहाही वेळा पाणी गप्प. सासरे घोरत असतानासुद्धा.

गुरुवारी पावणेअकराला बायको दोर खांद्यावर टाकून कड्याकडे गेली, कारण गाडीत जेवढी माणसं कमी तेवढं बरं. सासऱ्यांना मागच्या पलंगावर उताणं झोपवून, शिंक आली तर उशीत द्यायची असं बजावून ठेवलं होतं. थेंबेने इस्त्रीचा शर्ट घातला. खाली हाफपँटच होती. प्लायवूडची भिंत सरळ केली, ग्लास भरला आणि अकराच्या ठोक्याला मॅडम पडद्यावर आल्या.

मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. समोर त्यांनी थेंबेचीच नियमावली उघडून ठेवली होती आणि प्रत्येक पानाला रंगीत चिठ्ठी लावली होती. खुर्चीची पाठ बघितली, उजेड बघितला, भिंत बघितली. भिंत छान आहे म्हणाल्या. थेंबेच्या कानशिलावरून घामाचा एक ओघळ निघाला. पुसायला हात उचलावा तर टेबल हलेल, म्हणून त्याने तो तसाच वाहू दिला.

"सुरू करा," मॅडम म्हणाल्या आणि घड्याळ लावलं.

थेंबे टाइप करू लागला. पहिलं मिनिट गेलं. दुसऱ्याच्या सुरुवातीला बाहेर एक इंजिन घरघरत आलं आणि मागे येऊन थांबलं. मग दुसरं. मग एक दार उघडल्याचा आवाज, खोकला, चावीची खुळखुळ. डोळ्याच्या कोपऱ्यातून थेंबेला खिडकीत दिसलं की केबिनचं दार उघडलंय, आणि केबिनवरच्या काळ्या फळीवर लाल आकडे पेटलेत.

मग भोंग्यातून शांतपणे आवाज आला, "चार हजार दोनशे चव्वेचाळीस."

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

बोटं टाइप करत राहिली, नंतर बघितलं तर दोन पानं नुसता 'ळ' उमटला होता. "शेजारी बाळ झालंय," तो म्हणाला. "वजन करतायत. ग्रॅममध्ये."

"भोंग्यावर?"

"आजोबांना कमी ऐकू येतं."

मॅडमनी मान हलवली. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. पाठोपाठ त्याच्या मागच्याने. पलंगावर सासऱ्यांची चुळबुळ सुरू झाली. आयुष्यभर ज्या माणसाने मागून हॉर्न खाल्ले आणि कधी ऐकून घेतले नाहीत, तो किती वेळ उताणा पडणार. थेंबेने ओठ न हलवता बाबा, बाबा असं कुजबुजून बघितलं. सासरे मांजरीच्या पावलाने मागच्या दारातून उतरले.

"चार हजार एकशे साठ," भोंगा म्हणाला.

मॅडमनी चष्मा वर केला. "कमी झालं बाळ."

"लंगोट काढला असेल," थेंबे म्हणाला.

बाहेर सासरे ट्रकवाल्यांना समजावत होते. त्यांचा समजावणीचा स्वर म्हणजे बसमधल्या सुट्ट्या पैशांच्या भांडणाचा. अर्धं अर्धं ऐकू येत होतं. पाच मिनिटं कळ काढा, आत परीक्षा चाललीय. कसली परीक्षा? ग्लासाची. ग्लासात काय आहे? पाणी. मग इतका वेळ कशाला लागतोय, पिऊन टाका म्हणावं. कोणीतरी मोठ्याने हसलं. भोंग्यावरचा माणूस, म्हणजे काटेवाला, केबिनमधून ओरडून सांगत होता की घाई कशाला करता, पाहुण्यांची गाडी आहे, पावती होऊ दे.

चौथं मिनिट. पहिल्या ट्रकवाल्याला पाहुण्यांचं फार कौतुक नसावं. त्याने ट्रक पुढे घेतला आणि पुढची दोन चाकं काट्यावर चढवली. गाडीखालची अख्खी पट्टी एकदा खोल श्वास घेतल्यासारखी दबली. ग्लासातलं पाणी एका बाजूने फुगलं, काठावर आलं, काठाच्या वर आलं, आणि तिथेच थांबलं. त्याला वाटलं, आपण आता डोळ्यांची पापणी जरी हलवली तरी सांडणार. पाणी हळूहळू मागे सरलं.

"अकरा हजार नऊशे," भोंगा म्हणाला.

"आता कोण?" मॅडमनी विचारलं.

"आई," थेंबेच्या तोंडून गेलं. "आईसकट घेतलं."

"बारा किलोची आई?"

त्याच वेळी मॅडमचं घड्याळ वाजलं. पाच मिनिटं झाली होती. ग्लास भरलेलाच होता. टेबल कोरडं होतं. मॅडमनी कागदावर खूण केली आणि एक थेंबही नाही असं जरा आश्चर्याने पुटपुटल्या. मग त्यांनी शेवटची रंगीत चिठ्ठी उचलली.

"नियम एकवीस. आग लागली तर दहा पावलांत बाहेर पडता आलं पाहिजे. लॅपटॉप उचला आणि मुख्य दार उघडून दाखवा."

नियम एकवीस त्याने एका रविवारी, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून लिहिला होता. आता त्या रविवारचा त्याला इतका राग आला की बोलायची सोय नाही. आग विझलीय, दार अडकलंय, किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, अशी तीन-चार कारणं डोक्यात आली आणि एकही तोंडापर्यंत पोचलं नाही. त्याला मंगळवारचा कारकून आठवला. साहेब, एकच आहे. त्याने लॅपटॉप उचलला. दोन पावलं टाकली. दार उघडलं.

बाहेर पाच ट्रक उभे होते. पाच ड्रायव्हर हात मागे बांधून दाराकडे बघत होते. मधे सासरे. आणि अगदी पायरीशी काटेवाला, चष्मा नाकावर, हातात पावती.

"गाडी रिकामी की भरलेली?" त्याने थेंबेला विचारलं. "रिकामी लिहिलीय मी."

थेंबेने सगळं सांगून टाकलं. भाड्याने दिलेला फ्लॅट, गाडी, प्लायवूड, नदी, सगळं. सांगताना हाफपँट दिसतेय हेही त्याच्या लक्षात आलं नाही. मॅडम नियमावलीची पानं पुढेमागे करत होत्या.

"घराला चाकं नसावीत असं यात कुठे आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही मॅडम. मला सुचलं नव्हतं."

"घर वजनकाट्यावर नसावं असं?"

"नाही."

"मग तुम्ही पास आहात," मॅडम म्हणाल्या. "ग्लास मी डोळ्यांनी बघितलाय. जागा मंजूर. पत्ता लिहून पाठवा. आणि नियम बारा तुम्हाला माहीतच आहे."

नियम बारा असा होता की एकदा मंजूर झालेली जागा वर्षभर बदलता येणार नाही, आणि ती कधीही, न कळवता, पुन्हा तपासली जाईल. मॅडम गेल्या. पडद्यावर थेंबेला स्वतःचाच चेहरा दिसत राहिला. सासऱ्यांनी गाडी काट्यावरून काढून बाजूला गवतात लावली, ट्रक एकेक करून तोलून गेले, आणि जाता जाता प्रत्येक ड्रायव्हरने खिडकीतून पास का, म्हणून विचारलं.

बायको कड्यावरून आली तेव्हा तिच्या कोपराला खरचटलं होतं आणि ती खूश होती. थेंबेने तिला सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत पायरीवर बसली.

"म्हणजे नोकरी राहिली," ती म्हणाली. "आणि आपण वर्षभर खाणीत राहायचं."

"काट्यावर. नियमाप्रमाणे काट्यावरच."

"आणि गुरुवारी ट्रक आले की खाली उतरायचं."

"हो. गुरुवारीच चालू असतो म्हणे हा काटा. आठवड्यातून एक दिवस."

"बाबांना आवडेल. त्यांना डेपो मिळाला." मग ती थांबली. तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "मला उद्या सातला नदीवर पोचायचंय. तू काय करायचं ते तू ठरव. मी आठ महिने थांबलेय, आणि गेले चार दिवस तुझ्या ग्लासाभोवती चवड्यांवर चाललेय."

थेंबेने लॅपटॉप उघडला. त्याने आधी मंगळवारच्या कारकुनाच्या नावापुढचा शेरा खोडला आणि पंखा बंद ठेवून परीक्षा पुन्हा घ्यावी असं लिहिलं. मग शुक्रवार-शनिवारच्या रजेचा अर्ज टाकला. अर्ज दोन मिनिटांत मंजूर झाला. कोणी कारणही विचारलं नाही. तीन महिने तो सकाळचं काम आणि दुपारचा डोंगर यांच्यात जीव टांगून फिरत होता, आणि रजा नावाची एक वस्तू असते हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. बायको हसली. रागावलेलं माणूस हसतं तशी, पण हसली.

ठरलं असं की पाच वाजता निघायचं, अंधार पडायच्या आत नदी गाठायची, सोमवारी काट्यावर परत. दोनला सासरे झोपले. चार दिवसांत थेंबेला धड झोप नव्हती. तो प्लायवूडच्या भिंतीला टेकून बसला आणि बसल्या जागी आडवा झाला. बायको शेवटचं एकदा कड्यावर जाऊन येते म्हणून गेली.

काटेवाला भला माणूस होता. साडेतीनला त्याचं काम संपलं. गाडीत दोघे जण घोरताना ऐकून त्याला त्यांना उठवणं जिवावर आलं. पण उघड्या फाटकातून कोणी येऊन पाहुण्यांच्या गाडीला हात लावला तर काय, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने केबिनला कुलूप घातलं, आवाज न करता लोखंडी फाटक ओढलं, त्याला साखळी गुंडाळली, तिला मोठं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि सायकलवरून घरी गेला.

पाचला सासऱ्यांनी गाडी सुरू केली आणि फाटकापाशी नेऊन बंद केली. बायको साखळी ओढून बघत होती. फाटकावर पत्र्याची पाटी होती आणि तिच्यावर अडचण आल्यास फोन करण्यासाठी नंबर रंगवला होता. थेंबेने तो फिरवला. रेंज चांगली होती. बंद केबिनमध्ये फोन वाजायला लागला.